परमुलखातलं नृत्य : तंजावर, बडोदे आणि पुढे

माझी नात परदेशात भरतनाट्यम् शिकते. मध्यंतरी तिचा फोन आला. ‘आजोबा, आमचं वर्णम् तेलुगूत आहे. मला अर्थ कळत नाही, नुसतं पाठ करते. मराठीत नाचलं तर ते अशुद्ध होतं का?’ आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण पटकन उत्तर सुचेना. आज ते इतिहासात शोधू या.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला राज्य स्थापलं. ते १८५५ पर्यंत टिकलं. प्रजा तमिळ, संगीताची भाषा तेलुगू, राजघराण्याची भाषा मराठी. म्हणजे ही मंडळीही परमुलखातच होती की! दुसरे सरफोजीराजे (१७९८ ते १८३२) यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे चार भाऊ होते. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा आजचा क्रम बसवण्याचं श्रेय परंपरा त्यांना देते. त्याच दरबारात सरफोजीराजांच्या नावावरची मराठी ‘निरूपणं’ लिहिली गेली. एकच कथा घेऊन ती नृत्यातून क्रमाने उलगडायची, साहित्य मात्र मराठी. त्यांची हस्तलिखितं सरस्वती महाल ग्रंथालयात राहिली. पुढे मुंबईत आचार्य पार्वतीकुमारांनी त्यांचा अभ्यास करून ती पुन्हा रंगमंचावर आणली. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी हे काम पुढे नेलं.

आता दुसरं उदाहरण बघा. १८८० साली तंजावरच्या राजकन्येचं सयाजीराव गायकवाडांशी लग्न झालं. तिच्या पाठोपाठ नर्तकी आणि त्यांचे नट्टुवनार, म्हणजे नृत्यगुरू, बडोद्याला आले. दरबार मराठी, गाव गुजराती. भाषा कळणारे किती असतील? तरी कला टिकली, कारण शिकवणारे हात सोबत आले होते. पुढे त्याच परंपरेतले कुबेरनाथ तंजोरकर बडोद्याच्या विद्यापीठात शिकवू लागले.

दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवली की काय दिसतं? तंजावरला भाषा बदलली, कला गेली नाही. बडोद्यात भाषा बदलली नाही, तरी कला रुजली. म्हणजे भाषा ही उपाधी. अडवू, ताल, अभिनय आणि ते घोटून घेणारा गुरू, हे स्वरूप.

पण इथे एक बोचरी गोष्ट आहे. ज्या देवदासी कुटुंबांनी हे स्वरूप पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं, त्यांचं नाव आपण घेत नाही. १९४७ च्या मद्रास कायद्याने देवदासीप्रथा बंद झाली. प्रथा अन्यायाचीच होती, ती गेली ते योग्यच झालं. पण कला मध्यमवर्गाच्या घरात आली आणि त्या बायका बाहेर राहिल्या. ‘शुद्ध परंपरा’ म्हणून आपण परदेशी पाठवतो, तिच्यातून त्यांनाच वगळलेलं असतं. खरी अशुद्धी असेल तर ती ही, मराठी शब्दांची नव्हे.

नातीच्या वर्णमच्या ओळी घेऊन मी आपल्या पूर्व भागातल्या एका पद्मशाली आजींकडे गेलो. जुनी तेलुगू, त्याही जरा अडखळल्या. मग हसून म्हणाल्या, ‘अहो सर, ही बाई त्याच्यावर रुसलीय.’ नातीला तेवढंच कळवलं. ती म्हणाली, ‘आजोबा, मग आता मला रुसता येईल.’

मराठीत जरूर नाचा. तेलुगूत नाचलात तर अर्थ विचारून नाचा. आणि ज्यांच्याकडून हे आलं, त्यांचं नाव मुलांना सांगा. थांबतो.