हिरवळ लावायची कशी : बी, ठोंब, गादी की गारा?

राहनाळमध्ये इतिहासाचं व्याख्यान आणि विषय हिरवळीचा, म्हणून काहींना आश्चर्य वाटलं असेल. पण इथल्या भातखाचरांवर मुरमाचा भराव पडला, भरावावर गोदामं उभी राहिली, आणि आता गोदामाच्या फाटकाशी नाहीतर नव्या सोसायटीच्या आवारात 'लॉन' हवं असतं. ते लावायचं कसं? बी पेरून, ठोंब लावून, की तयार गादी अंथरून? आपल्याला हा नर्सरीवाल्याचा प्रश्न वाटतो. आमच्या मते तो इतिहासाचाही आहे, कारण यातली प्रत्येक पद्धत कुणाच्या तरी कष्टावर आणि कुठल्या तरी मातीवर उभी आहे.

कापून कापून बुटकं ठेवलेलं शोभेचं गवत ही मुळात विलायतेची आवड. तिथे हवा थंड, पाऊस रिमझिम आणि बारमाही. बी टाकलं की उगवतं. कापायला पूर्वी लांब दांड्याची कोयती असायची आणि ती चालवणारी माणसं. मग 1830 साली एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने गवत कापण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याला ही कल्पना सुचली कापडगिरणीत. लोकरी कापडावर वर आलेले तंतू सारखे कातरणारं एक यंत्र तिथे होतं, तेच त्याने जमिनीवर आणलं. यंत्रमागांच्या भिवंडीशेजारी बसून हे सांगताना आम्हाला जरा जास्तच मजा येते.

साहेब इकडे आला तेव्हा ही आवडही सोबत आली. पण विलायती गवतं थंडीची. आपल्या एप्रिल-मेमध्ये ती करपणारच. टिकणारं गवत एकच, आपली हरळी. म्हणजे गणपतीला वाहतो त्या दूर्वा. आणि शेतकऱ्याला विचारलंत तर त्याची जन्माची वैरीण! खणून बांधावर फेकली तरी एखादं पेर ओल्या मातीला लागलं की पुन्हा धरते. शेतकरी जी काढायला कंबर मोडून घेतो, तीच साहेबाच्या बंगल्यापुढे मुद्दाम लावली जाऊ लागली. आणि बियापेक्षा तुकड्यापासूनच ती भरवशाने लागते. बी इतकं बारीक की एका किलोत लाखोंनी दाणे, आणि कोकणातली एक सर आली की सगळे गटारात.

यातूनच एक खास इथली कृती पुस्तकांत गेली. बंगालमध्ये पाद्री असलेल्या फर्मिंजर यांनी 1860च्या दशकात बागकामाचं एक मोठं पुस्तक लिहिलं. त्यात ती सापडते. हरळी मुळांसकट उपटायची, बारीक चिरायची, चिखलात कालवायची आणि तो गारा तयार जमिनीवर पातळ पसरायचा. काही दिवसांत पेरापेरातून कोंब फुटतात. पुढच्या पाठ्यपुस्तकांत या गाऱ्यात ताजं शेणही आलं. आता सांगा, हे आपल्याला नवं आहे का? शेण, माती, पाणी, हाताने सारखा पसरलेला थर : हे तर सारवण! आमचा अंदाज असा की ज्या हातांना अंगण सारवायची सवय होती, त्यांच्यामुळेच ही पद्धत इतकी सहज रुजली. पुस्तकावर नाव पाद्र्यांचं आहे. ते हात कुणाचे, याची नोंद नाही.

गवताच्या बाबतीत असं नेहमी होतं. जुन्या ठाणे जिल्ह्यात गवत शोभेचं नव्हतंच, तो माल होता. मुंबईतले घोडे आणि तबेल्यांतल्या म्हशी इथल्या गवतावर जगत. ते कापायचे आदिवासी. 1945 साली तलासरी, डहाणू, उंबरगाव भागातल्या वारल्यांनी गवतकापणी थांबवली. मागणी काय, तर 500 रत्तल गवत कापायला अडीच रुपये. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच माणसं मेली. जेठ्या गांगड त्यातला एक. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' घरी असेल तर काढून वाचा. विषयाबाहेर गेलो असं म्हणू नका. गवताला मोल किती आणि कापणाऱ्याला किती, हाच तो विषय.

आता गादीकडे येऊ. पुण्याकडच्या नर्सऱ्यांतून गवताचे चौकोन येतात, सकाळी अंथरले की संध्याकाळी फोटो काढता येतो. घाईच्या उद्घाटनाला दुसरा उपाय नाही, हे मान्य. पण त्या चौकोनाखाली बोटभर माती असते, ती कुठल्या तरी शेताची वरची, कसदार माती. इकडे आपण खाचरांची काळी माती मुरमाखाली गाडली, आणि वर पसरायला परगावची माती पैसे देऊन ट्रकने आणतो. शिवाय खाली मुरूम तसाच राहिला तर मुळं खाली उतरत नाहीत. फेब्रुवारीत चौकोनांच्या कडा वर वळलेल्या दिसतात.

म्हणून राहनाळला कुणी आम्हाला विचारलं, तर आमचं मत सांगतो. आधी मुरमावर वीतभर चांगली माती घाला आणि पाण्याला उतार द्या. जागा मोठी असेल तर जुलैत हरळीचे ठोंब लावा, चार-चार बोटांवर. लहान असेल तर गारा करा, पण पावसाचा जोर ओसरल्यावर, ऑगस्टच्या अखेरीला. आधी केलात तर वाहून जाईल. बी इथे नको. आणि नोव्हेंबर ते मे पाणी कुठून येणार, हे ठोंब आणायच्या आधी ठरवा. टँकर मागवावा लागणार असेल तर हिरवळीचा तुकडा निम्मा करा, उरलेल्या जागेत करंज लावा. हरळी उपटून आणणाऱ्या बाईची मजुरी किती, तेही त्याच बैठकीत ठरवा.