कापलेल्या बोटांचा सूर

बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमीचा तो शेवटचा दिवस होता. वय 17. गिटार घेऊन बँडबरोबर दौऱ्यावर निघायचं ठरलं होतं. दुपारी जेवायला घरी आल्यावर पुन्हा कामावर जायची त्याची इच्छाच नव्हती. पण घेतलेलं काम पुरं करून ये, असं आईनं बजावलं, म्हणून तो परत गेला. नेहमीची कामगार आली नव्हती, म्हणून त्याला सवय नसलेल्या यंत्रावर उभं केलं गेलं. त्या यंत्रात उजव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका सापडली आणि दोन्हींची टोकं तुटली.

आयोमी डावखुरा. म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा त्याचा हात नेमका हाच. आता गिटार विसरायची, असं वाटत असताना कारखान्यातल्या फोरमननं त्याला एक तबकडी ऐकवली. वादक होता जँगो राइनहार्ट. 1928 मध्ये लागलेल्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं जायबंदी झाली होती आणि उरलेल्या बोटांवर तो युरोपातला थोर जॅझ गिटारवादक झाला होता.

आयोमीनं भांडी घासायच्या द्रवसाबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, शिंप्याच्या अंगुस्तानासारखी दोन टोपणं घडवली आणि त्यांवर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. चामड्याला तार कळत नाही. किती दाबायची ते कानानंच ओळखावं लागतं. जाड तारा झेपेनात म्हणून त्यानं बँजोच्या बारीक तारा गिटारला लावून पाहिल्या. अवघड स्वरसमूह टाळून दोन स्वरांची भरीव जोडी घ्यायची आणि ती घुमत ठेवायची, ही त्याची रीत झाली. हेवी मेटलची कुळकथा सांगताना मी सुरुवात स्टुडिओत करत नाही, ती या दोन टोपणांपासून करतो.

बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातले चौघे एकत्र आले: आयोमी, गायक ऑझी ऑझबॉर्न, बेसवर गीझर बटलर आणि ड्रम्सवर बिल वॉर्ड. सगळे कामगार वस्तीतले. आधी ते ‘अर्थ’ या नावानं ब्लूज वाजवत. त्याच नावाचा दुसरा बँड निघाल्यावर त्यांनी मारिओ बाव्हाच्या 1963 च्या भयपटाचं नाव उचललं: ‘ब्लॅक सॅबथ’. लोक पैसे मोजून घाबरायला जातात, तर संगीतानं का घाबरवू नये, असा त्यामागचा विचार होता.

याच नावाचं त्यांचं गाणं तीन स्वरांवर उभं आहे: षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम. बटलर त्या दिवसांत गुस्ताव होल्स्टच्या ‘मार्स’मध्ये बुडालेला होता, त्याच्या बेसवरून ती सावली आयोमीच्या गिटारवर पडली. षड्ज-तीव्र मध्यमाचं हे अंतर आपल्या कानाला यमनमुळे संध्याकाळचं आणि जिव्हाळ्याचं वाटतं. युरोपात मात्र त्याला ‘संगीतातला सैतान’ म्हणत आले आहेत. मध्ययुगात चर्चनं त्यावर बंदी घातली होती, ही केवळ दंतकथा; पण ते नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच.

16 ऑक्टोबर 1969 रोजी लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत निर्माता रॉजर बेन यानं त्यांचा पहिला अल्बम एका दिवसात ध्वनिमुद्रित केला. रोजच्या कार्यक्रमात वाजवत तसंच सगळे एकत्र वाजवत गेले. पहिल्याच गाण्यानंतर आयोमीची स्ट्रॅटोकास्टर बिघडली आणि त्यानं सोबत असलेली गिब्सन एसजी हातात घेतली. पुढे तीच त्याची ओळख झाली. पाऊस, गडगडाट आणि घंटा नंतर जोडल्या. तारा सैल करून आवाज आणखी खाली नेण्याची त्याची प्रसिद्ध युक्ती या अल्बमवर नाही, ती 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ची. इथलं जडपण संथ लयीतून आणि हातातून आलेलं आहे.

13 फेब्रुवारी 1970, शुक्रवारी, अल्बम बाजारात आला. वेष्टनावर ऑक्सफर्डशायरमधली मेपलडरमची पाणचक्की आणि तिच्यासमोर काळ्या वस्त्रातली स्त्री. आतल्या घडीवर कंपनीनं बँडला न विचारता उलटा क्रूस छापला आणि सैतानपूजेचा बोभाटा झाला. खरं तर शीर्षकगीतातला माणूस भेदरून देवाचाच धावा करतो. शिवाय, चौघं गळ्यात जे क्रूस घालत, ते ऑझीच्या वडिलांनी, एका कारखान्यातल्या हत्यार-कारागिरानं, स्वतः धातूचे घडवून दिले होते.

समीक्षकांनी अल्बम झोडपला. ‘रोलिंग स्टोन’मध्ये लेस्टर बँग्जनं त्याला ‘क्रीम’ या बँडची निकृष्ट नक्कल ठरवलं. रॉबर्ट क्रिस्टगाऊनंही नाक मुरडलं. तरीही तो ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत 23 व्या, आणि तिथल्या यादीत वर्षाहून अधिक काळ टिकला. समीक्षक त्यात ब्लूजची सफाई शोधत होते. ती नव्हतीच. पण संथपणा, घुमत राहणारे जड स्वर, भीती ही जिथं त्यांना उणीव वाटली, तिथंच नवं घराणं जन्माला येत होतं. पुढे मेटॅलिकासारख्या बँडनी हे ऋण उघड मानलं. ‘रोलिंग स्टोन’नंही 2017 मध्ये मेटलच्या सर्वोत्तम 100 अल्बमांची यादी केली, तेव्हा ब्लॅक सॅबथचाच ‘पॅरानॉइड’ पहिला ठेवला आणि हा झोडपलेला अल्बम पहिल्या दहांत.

5 जुलै 2025 रोजी ॲस्टनच्याच व्हिला पार्क मैदानावर चौघांनी शेवटचं एकत्र वाजवलं. पहिल्या अल्बममधलं ‘एन.आय.बी.’ही वाजलं. ऑझी सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. 22 जुलैला तो गेला. व्हिला पार्कवरच्या त्या संध्याकाळी 77 वर्षांच्या आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर अजूनही टोपणं होती.