सी प्रोग्राममधून एसक्यूलाइटचा डेटाबेस कसा डिलीट करायचा?

मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसमध्ये 'ड्रॉप डेटाबेस' ही कमांड असते. एसक्यूलाइटच्या सी लायब्ररीत ती शोधत बसू नका, तिथे ती नाहीच. इथे डेटाबेस म्हणजे डिस्कवरची एक साधी फाइल. ती रिमूव्ह() फंक्शनने काढायची, झालं काम. पण घोळ होतो तो क्रमात.

आधी कनेक्शन बंद करा. एसक्यूलाइट3_क्लोज() ने 'बिझी' असं उत्तर दिलं, तर बहुतेक वेळा एखादं स्टेटमेंट फायनलाइज करायचं राहिलेलं असतं. तसंच पुढे गेलात तर विंडोजवर फाइल उडतच नाही, एरर येते. लिनक्सवर उडते, आणि तेच जास्त वाईट: फक्त नाव जातं, उघडं कनेक्शन त्या बिननावाच्या फाइलमध्ये लिहीत राहू शकतं. कनेक्शन बंद झालं की तो सगळा डेटा गायब.

मग सोबतच्या फाइल्स बघा. त्यांच्या नावाच्या शेवटी '-जर्नल', '-वॉल' किंवा '-एसएचएम' असतं. एरवी त्या आपोआप जातात, पण प्रोग्राम क्रॅश झाला असेल तर मागे राहतात. अशा वेळी त्याच नावाने बॅकअपची फाइल तिथे ठेवली, की एसक्यूलाइट जुनं जर्नल तिचंच समजून जुनी पानं तिच्यात घालू शकतं. चांगला बॅकअप खराब! म्हणून त्याही काढा.

डेटाबेस नुसता रिकामा हवा असेल तर फाइलला हात लावू नका. एसक्यूलाइट3_डीबी_कॉन्फिग() मधून 'रीसेट डेटाबेस' चालू करा, 'व्हॅक्यूम' चालवा आणि रीसेट परत बंद करा.