राळ्याच्या जनुकांना प्रश्न विचारताना

राळा पाहिला आहे का, असे आज वर्गात विचारले तर फार थोडे हात वर होतील. सातारा-कोल्हापुराकडे भोगीला राळ्याचा भात करणारी घरे अजून आहेत, पण रोजच्या ताटातून हे धान्य केव्हाच गेले. उत्तर चीनमध्ये मात्र आठ हजारांहून अधिक वर्षे राळा पिकतो आहे. भात तिथवर पोचण्याआधी त्या कोरड्या प्रदेशाचे पोट भरले ते राळ्याने आणि वरीने. याचे कणीस झुपकेदार शेपटीसारखे दिसते, म्हणून इंग्रजीत त्याला फॉक्सटेल मिलेट म्हणतात. शास्त्रीय नाव सेटारिया इटालिका.

या मागे पडलेल्या धान्याकडे जीवशास्त्रज्ञांचे लक्ष गेले ते गेल्या वीस-पंचवीस वर्षांत. त्याला तीन कारणे होती. पहिले म्हणजे, राळा कमी पाण्यात आणि हलक्या जमिनीत येतो. दुसरे, ऊस, मका, ज्वारी आणि बाजरी यांच्याप्रमाणे तो सी-४ पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतो. या पद्धतीत कार्बन डायॉक्साइड आधी चार कार्बनच्या संयुगात बांधला जातो, त्यामुळे उष्ण हवेत पाण्याची बचत होते. भात आणि गहू यांना हे साधत नाही. तिसरे कारण सोयीचे आहे. मका आणि ऊस ही थोराड झाडे, त्यांचे जनुकसंच अवाढव्य. राळ्याची मात्र गुणसूत्रे नऊ जोड्या आणि जनुकसंच सुमारे ५० कोटी अक्षरांचा. मक्याचा त्याच्या चौपटीहून मोठा आहे. सी-४ वनस्पतींचा अभ्यास करायला राळा हे सोपे क्रमिक पुस्तकच म्हणायचे.

हे पुस्तक २०१२ साली वाचून झाले. एक गट चीनमधला, दुसरा मुख्यतः अमेरिकेतला. दोघांचे निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध झाले. मग काम संपले का? नाही. खरी अडचण तर पुढेच होती.

यादी आणि अर्थ

एखाद्या मोठ्या सभागृहात भिंतभर बटणांचा बोर्ड आहे आणि एकाही बटणावर नाव नाही, अशी कल्पना करा. सगळी बटणे मोजून यादी केली, तरी कोणता पंखा कोणत्या बटणावर चालतो ते कळणार नाही. त्यासाठी एकेक बटण बंद-चालू करून पाहावे लागेल. जनुकसंचाचे वाचन म्हणजे ही यादी. बटण दाबण्याचे काम जनुकांतरणाने होते. झाडात एखादे जनुक बाहेरून घालायचे किंवा त्याचेच एखादे जनुक गप्प करायचे, आणि झाडात काय फरक पडतो ते पाहायचे. हे करता येत नसेल तर जनुकांविषयीचे आपले बरेचसे बोलणे अंदाजाचेच राहते.

गाठीपासून हत्यारापर्यंत

हे हत्यार कोणी ठरवून शोधलेले नाही. १९०७ साली अमेरिकेत स्मिथ आणि टाउनसेंड डेझीच्या झाडांवरील गाठींचा अभ्यास करीत होते. त्यांनी दाखवले की या गाठी एका जीवाणूमुळे होतात. आज त्याला आपण अ‍ॅग्रोबॅक्टेरियम म्हणतो. १९४०च्या दशकात आर्मिन ब्राउन यांनी एक विलक्षण गोष्ट दाखवली. जीवाणू काढून टाकले तरी गाठीच्या पेशी वाढतच राहतात. म्हणजे जीवाणू पेशीत काहीतरी कायमचे ठेवून जात असला पाहिजे. ते 'काहीतरी' कोठून येते, याचा माग १९७४ साली बेल्जियममधील गेंट येथे लागला. शेल आणि व्हान मोंटाग्यू यांच्या गटाला या जीवाणूत डीएनएचे एक मोठे वर्तुळ सापडले. १९७७ साली मेरी-डेल चिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्तुळाचा तुकडा वनस्पतीच्या पेशीत सापडतो हे सिद्ध केले. निसर्गात हा जीवाणू जनुकांतरण करीतच होता! गाठ करणारी जनुके काढून त्या जागी हवे ते जनुक ठेवायचे, एवढेच आपल्याला करायचे होते. १९८३ साली तंबाखूत ते साधले.

तृणधान्यांत मात्र ते साधेना. तंबाखूसारख्या द्विदल झाडाला जखम झाली की काही फिनॉलवर्गीय रसायने बाहेर पडतात आणि त्यांच्या चाहुलीने जीवाणूची यंत्रणा जागी होते. अशा एका रसायनाची, अ‍ॅसिटोसिरिंगोनची, ओळख १९८५ साली पटली. गवतवर्गीय झाडांकडून हे आमंत्रण नीट जात नाही. म्हणून १९८७ साली कॉर्नेल विद्यापीठात जॉन सॅनफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरळ बंदुकीचा मार्ग धरला. टंगस्टनच्या सूक्ष्म कणांवर डीएनए लावून ते पेशींवर झाडायचे! पहिले लक्ष्य होते कांद्याचा पापुद्रा. शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो तोच. पुढे १९९४ साली जपानमध्ये हिएइ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहेरून अ‍ॅसिटोसिरिंगोन देऊन त्याच जीवाणूकडून भातात खात्रीने जनुक घालून घेतले. दोन वर्षांनी मक्यातही ते झाले.

राळ्याचा नंबर

राळ्यात जीवाणूमार्फत जनुकांतरण झाल्याचे निष्कर्ष बीजिंगच्या चिनी कृषी विद्यापीठातून आले ते २००५ साली, म्हणजे भातानंतर अकरा वर्षांनी. तेव्हा यशाचे प्रमाण शेकडा दहाच्या आत होते. अडचण जनुक आत जाण्यापुरती नव्हती. कोवळ्या कणसाच्या किंवा बियांच्या पेशींपासून आधी पेशींचा गोळा वाढवायचा, जीवाणूशी त्याची गाठ घालायची, जनुक न मिळालेल्या पेशी औषधाने मारायच्या आणि उरलेल्यांतून पुन्हा अख्खे झाड उभे करायचे. राळ्याच्या पेशी यातल्या कोणत्याही पायरीवर तपकिरी पडून मरतात. एका वाणाला मानवलेले मिश्रण दुसऱ्याला मानवत नाही.

२०१७ साली चेन्नईचे लोयोला कॉलेज आणि इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठ येथील संशोधकांनी जनुकांतरणाची एक नवी रीत बसवली. तिच्या साहाय्याने त्यांनी जमिनीतून फॉस्फेट उचलणारी राळ्याची तीन जनुके एकेक करून मंद केली, तेव्हा झाडातले फॉस्फरसचे प्रमाण घटले. बटण कोणते, ते कळले. २०२० साली नवी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जनुक संशोधन संस्थेतून शेकडा सुमारे २७ यशाची पद्धत प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी चीनमधील शान्सी कृषी विद्यापीठाने सुमारे दोन महिन्यांत बी देणारा बुटका राळा तयार केला. तोही जनुकांतरणाला चांगला दाद देतो.

उशीर का झाला?

राळ्याच्या पेशी हट्टी आहेत हे खरे, पण मक्याच्या पेशीही हट्टीच होत्या. मक्यामागे मोठ्या बियाणे कंपन्यांचा पैसा होता, भातामागे सरकारे होती. कोरडवाहू शेतकऱ्याच्या धान्यामागे कोणी नव्हते. विज्ञानाची हत्यारे सर्वांसाठी असतात असे आपण म्हणतो, पण ती आधी कोणाच्या शेताकडे वळतात हे बाजार ठरवतो. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे भरडधान्य वर्ष पाळले. त्याचे मोल भाषणांपेक्षा अशा प्रयोगशाळांना सातत्याने मिळणाऱ्या मदतीवरून करावे लागेल.

वर्गात एक भेद जरूर स्पष्ट करावा. जनुकांतरण म्हणजे दर वेळी शेतात नवे बियाणे असे नाही. पुष्कळदा तो केवळ विचारलेला प्रश्न असतो. दुष्काळात टिकायला अमुक जनुक मदत करते असे कळले, की त्याचे चांगले रूप देशी वाणांत शोधून साध्या संकरानेही पुढे नेता येते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेत राळ्याच्या वाणांचा मोठा संग्रह यासाठीच मोलाचा आहे. जनुकांतरित राळा शेतात न्यायचा झाला तर मात्र वेगळा विचार करावा लागेल. त्याचा रानटी पूर्वज सेटारिया विरिडिस अनेक देशांत तण म्हणून वाढतो आणि त्याच्याशी राळ्याचा संकर होऊ शकतो. तणनाशकाला दाद न देणारे जनुक त्या तणात गेले तर शेतकऱ्याचीच डोकेदुखी वाढेल. म्हणून प्रयोगशाळेत प्रश्न विचारण्याला दिलेली मोकळीक आणि शेतात पाऊल टाकताना बाळगायची सावधगिरी, या दोन्हींची गरज आहे.