स्वित्झर्लंडची तटस्थता आणि शांतिसैन्याचा प्रश्न

संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिकार्यासाठी सहाशे स्वयंसेवक सैनिकांचे एक पथक उभारण्याचा कायदा १२ जून १९९४ रोजी स्विस मतदारांनी ५७.२ टक्के मतांनी अमान्य केला. कायदा संसदेने संमत केलेला होता, संघीय मंत्रिमंडळ त्याच्या पाठीशी होते, आणि त्यात युद्ध करण्याचा हेतू अंशमात्रही नव्हता. भांडणाऱ्या पक्षांच्या संमतीवाचून हे पथक कोठेही जाणार नव्हते. सात वर्षांनी, १० जून २००१ रोजी, शांतिकार्यासाठी परदेशी गेलेल्या सैनिकास आवश्यक तर स्वसंरक्षणार्थ शस्त्र देता यावे काय, या प्रश्नाला याच मतदारांनी होकार दिला. पण तोही जेमतेम ५१ टक्क्यांचा. प्रश्न लहान आणि वाद मोठा, असे हे दृश्य आहे. त्याचा उलगडा शांतिसैन्याच्या कायद्यांत होत नाही. तटस्थता या शब्दाखाली त्या देशात कोणकोणते अर्थ साठत गेले, हे पाहिल्यावरच तो होतो.

‘तटस्थ’ म्हणजे काठावर उभा असलेला, प्रवाहात न उतरलेला. युरोपीय भाषांत रूढ असलेला शब्द लॅटिनमधील ‘दोहोंपैकी कोणताच नव्हे’ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. म्हणजे तेथे दोन पक्ष आधी गृहीत धरलेले आहेत. आंतरराष्ट्रीय कायद्यातील कल्पनाही अशीच मर्यादित आहे. २० नोव्हेंबर १८१५ च्या पॅरिस येथील घोषणेने महासत्तांनी स्वित्झर्लंडच्या शाश्वत तटस्थतेस मान्यता दिली. १९०७ च्या हेग करारांनी तटस्थ राष्ट्राची कर्तव्ये सांगितली. राष्ट्राराष्ट्रांतील युद्धात भाग घेऊ नये, आपल्या भूमीतून युद्धमान सैन्य जाऊ देऊ नये, शस्त्रास्त्रांच्या व्यापारावर बंधने घातल्यास ती उभय पक्षांस सारखीच लागू करावी, असा या कर्तव्यांचा गाभा आहे. शांततेच्या काळात कोणत्या संस्थेत बसावे याविषयी त्यात फारसे काही नाही. १८४८ ची राज्यघटना तयार होत असताना तटस्थतेचा अंतर्भाव राष्ट्राच्या उद्दिष्टांत करावा, ही सूचना बुद्धिपुरस्सर नाकारण्यात आली. तटस्थता हे साधन आहे, साध्य नव्हे, अशी घटनाकारांची भूमिका होती. १९९९ च्या राज्यघटनेतही तिचा उल्लेख संसद आणि मंत्रिमंडळ यांच्या कर्तव्यांपुरताच येतो.

लोकमानसात मात्र हे साधन कधीच साध्य होऊन बसले होते. दोन महायुद्धांतून देश सुखरूप बाहेर पडला, तो तटस्थतेमुळेच, ही श्रद्धा दृढ झाली. इतिहासही मदतीला आला. पंधराव्या शतकातील तपस्वी निक्लाउस फॉन फ्ल्यूए यांनी कुंपण फार रुंद करू नका असा उपदेश केल्याचे सांगतात, आणि तो तटस्थतावाद्यांच्या प्रचारात वारंवार आढळतो. हा उपदेश लेखनिविष्ट झाला तो त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने, याची आठवण सभेत सहसा कोणी देत नाही.

या दोन अर्थांची पहिली मोठी टक्कर १९२० साली झाली. राष्ट्रसंघात प्रवेश करावा तर करार मोडणाऱ्या राष्ट्राविरुद्ध कारवाईत सहभागी होणे ओघानेच आले. यावर तोडगा निघाला, तो विशेषणाचा. १३ फेब्रुवारी १९२० च्या लंडन येथील घोषणेने राष्ट्रसंघाच्या परिषदेने स्वित्झर्लंडला लष्करी कारवाईतून वगळले, परंतु आर्थिक निर्बंधांत भाग घेण्याचे बंधन ठेवले. या मिश्र अवस्थेस भेददर्शी तटस्थता असे नाव मिळाले. १६ मे १९२० च्या सार्वमतात ५६.३ टक्के मतदार अनुकूल होते. कँटनांचा कौल मात्र साडेअकरा विरुद्ध साडेदहा इतका अटीतटीचा पडला. (काही कँटन अर्ध्या मताचे धनी असल्याने असे अपूर्णांक संभवतात.)

या नव्या विशेषणाची परीक्षा लगेच झाली. पोलंड आणि लिथुआनिया यांच्यातील विल्ना नगराच्या वादात तेथील जनमत आजमावण्याचे ठरले, आणि देखरेखीसाठी राष्ट्रसंघाने एक आंतरराष्ट्रीय तुकडी योजिली. ही तुकडी स्विस भूमीतून जाऊ द्यावी, एवढीच मागणी होती. मंत्रिमंडळाने ती नाकारली. पुढे ज्याला शांतिसैन्य म्हटले गेले, त्याचाच हा पूर्वावतार होता. राष्ट्रसंघाचे मुख्यालय जिनेव्हात असताना त्याच संस्थेच्या सैनिकांना वाट नाकारली गेली, ही विसंगती समकालीनांच्याही नजरेतून सुटली नाही. १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर आक्रमण केले तेव्हा परराष्ट्रमंत्री ज्युझेप्पे मोत्ता यांनी निर्बंध अर्धवट पाळले आणि शस्त्रबंदी आक्रमक व आक्रांत दोघांवरही सारखीच घातली. मे १९३८ मध्ये राष्ट्रसंघाच्या परिषदेने स्वित्झर्लंडचे संपूर्ण तटस्थतेकडे परतणे मान्य केले. विशेषण बदलले, नाम कायम राहिले.

१९४५ नंतर संयुक्त राष्ट्रसंघापासून हा देश दूर राहिला. परराष्ट्रमंत्री माक्स पेतिपिएर यांनी ‘तटस्थता आणि ऐक्यभाव’ असे जोडसूत्र पुढे केले. त्याचा पहिला खरा प्रयोग कोरियात झाला, आणि तेथे भारताचा निकट संबंध येतो. १९५३ च्या युद्धविरामाच्या करारात ‘तटस्थ राष्ट्रे’ या शब्दाची व्याख्याच दिलेली होती : ज्यांच्या लढाऊ फौजांनी कोरियातील युद्धात भाग घेतला नाही ती राष्ट्रे. या व्याख्येखाली स्वित्झर्लंड आणि स्वीडन यांच्या शेजारी पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया बसले. ज्या शब्दाला बर्नमध्ये शतकाहून अधिक काळ जपले, त्याला पानमुनजोममध्ये इतका तुटपुंजा अर्थ उरला होता! प्रत्येक बाजूने दोन-दोन नावे सुचवलेली असल्याने आपण कोणा एका पक्षाचे प्रतिनिधी नाही, हे स्विस सरकारला आवर्जून स्पष्ट करावे लागले.

मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांच्या प्रश्नासाठी नेमलेल्या आयोगात ही चार राष्ट्रे होती आणि अध्यक्षपद भारताकडे, जनरल थिमय्या यांच्याकडे होते. कैद्यांचा ताबा ज्या भारतीय दलाकडे होता त्याचे नेतृत्व मेजर जनरल एस. पी. पी. थोरात या मराठी सेनानीने केले. कैद्यांना समजावणीच्या बैठकीस बळाने आणावे काय, हा कळीचा मुद्दा होता. स्विस प्रतिनिधीने बळाच्या वापरास ठाम विरोध केला, आणि बळाचा मार्ग अखेर सोडून देण्यात आला. एका बाजूस भारताने एक ब्रिगेड धाडली, दुसऱ्या बाजूस स्विसांना मूठभर अधिकारी पाठवतानाही शब्दांची एवढी तारांबळ करावी लागली. नेहरूंचे धोरण मराठीत ‘अलिप्तता’ म्हणून ओळखले गेले, ‘तटस्थता’ म्हणून नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे. अलिप्त राष्ट्र गटात शिरत नाही, पण प्रश्नावर मत देते आणि सैन्यही देते. त्यावर शाश्वततेचे बंधन नव्हते.

पुढील तीन दशके मदत बहुधा सैनिकाविना झाली. १९५६ मध्ये सुएझच्या शांतिसेनेची ने-आण स्विसएअरच्या विमानांनी केली; १९८९ मध्ये नामिबियात वैद्यकीय पथक गेले. मंत्रिमंडळाला वाटले, देश तयार आहे. १६ मार्च १९८६ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सदस्यत्वाचा प्रश्न मतास टाकला, तेव्हा ७५.७ टक्के मतदारांनी व एकूण एक कँटनांनी तो धुडकावला. त्याच वर्षी स्वतंत्र व तटस्थ स्वित्झर्लंडसाठी झटणारी एक संघटना स्थापन झाली. क्रिस्टोफ ब्लोखर तिचे प्रमुख नेते.

शीतयुद्ध संपताच कायद्याची बाजू झपाट्याने मोकळी झाली. ऑगस्ट १९९० मध्ये इराकवरील निर्बंधांत स्वित्झर्लंड स्वेच्छेने सामील झाले. नोव्हेंबर १९९३ च्या तटस्थताविषयक अहवालात मंत्रिमंडळाने स्पष्ट केले, की सुरक्षा परिषदेने आखलेली कारवाई हे दोन राष्ट्रांतील युद्ध नव्हे, सबब तटस्थतेचा कायदा तिला लागूच होत नाही. युक्तिवाद बिनतोड होता. सात महिन्यांत मतदारांनी शांतिपथक नाकारले. यावरून एवढे म्हणता येईल, की वाद कायद्याचा कधीच नव्हता, आणि कायदा समजावून सांगून तो मिटेल ही मंत्रिमंडळाची समजूत भाबडी होती. सोमालिया आणि बोस्निया येथील शांतिसैन्याच्या हालअपेष्टा वृत्तपत्रांत रोज येत होत्या. आपली मुले तेथे का मरावीत, या प्रश्नाला अहवालात उत्तर नव्हते.

त्यानंतरचा मार्ग वळणावळणाचा आहे. १९९६ मध्ये नाटोच्या ‘शांततेसाठी भागीदारी’ या योजनेत देश सामील झाला. १९९९ मध्ये कोसोव्होत ‘स्विसकॉय’ तुकडी गेली, ती मुख्यतः निःशस्त्र. सुवा रेका येथे तिचे रक्षण ऑस्ट्रियाच्या सैनिकांकडे होते. ऑस्ट्रियाही १९५५ पासून शाश्वत तटस्थ! फरक इतकाच, की ऑस्ट्रिया त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघात गेला होता. या लाजिरवाण्या अवस्थेतून २००१ चा कायदा निघाला, आणि त्याविरुद्ध तटस्थतावादी उजवे व सैन्यच नको म्हणणारे डावे एकत्र उभे राहिले. कायद्याने मर्यादा कडक आखल्या : संयुक्त राष्ट्रसंघ किंवा युरोपीय सुरक्षा व सहकार्य संघटनेचा आदेश हवा, सैनिक स्वयंसेवक हवेत, शांतता बळाने लादणाऱ्या लढाईत भाग नाही. ३ मार्च २००२ रोजी सदस्यत्वाचा प्रश्न पुन्हा आला. मतदारांचा होकार ५४.६ टक्के, कँटनांचा १२ विरुद्ध ११. १० सप्टेंबर २००२ रोजी स्वित्झर्लंड १९० वा सदस्य झाला.

हे मतभेद भाषिक रेषेवर पडतात असे सर्रास लिहिले जाते. फ्रेंच भाषिक कँटन १९२० मध्ये आणि २००२ मध्येही अनुकूल होते, हे खरे. पण इटालियन भाषिक तिचिनोने १९२० मध्ये भरघोस होकार दिला आणि २००२ मध्ये नकार. आणि २००२ चा होकार झ्युरिच, बर्न, लुसर्न या जर्मन भाषिक वा जर्मनबहुल कँटनांवाचून शक्यच नव्हता. भाषेपेक्षा शेजार, व्यापार आणि त्या त्या पिढीचा अनुभव यांचे वजन अधिक दिसते.

२८ फेब्रुवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने रशियावरील युरोपीय संघाचे निर्बंध स्वीकारले, आणि परराष्ट्रमंत्री इग्नाझिओ कासिस यांनी ‘सहकारी तटस्थता’ असे नवे विशेषण सुचवले. मंत्रिमंडळाने ते स्वीकारले नाही, १९९३ चाच अर्थ कायम ठेवला. २०२३–२४ या काळात देश सुरक्षा परिषदेचा सदस्यही होता. एप्रिल २०२४ मध्ये तटस्थतावाद्यांनी घटनादुरुस्तीचा लोकप्रस्ताव दाखल केला. त्यात तटस्थतेस ‘शाश्वत’ आणि ‘सशस्त्र’ ही दोन विशेषणे लावलेली असून युद्धमान राष्ट्रांवरील निर्बंधांस मनाई आहे. मात्र एक अपवाद आहे : संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य या नात्याने येणारी बंधने. १९८६ मध्ये ७५.७ टक्के मतदारांनी जी बंधने नाकारली होती, ती तटस्थतेच्या कडव्या रक्षकांनीच आपल्या मसुद्यात गृहीत धरली आहेत.