बाणाचे टोक आणि परवान्याचा कागद

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक हदीस आहे. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके हातात धरावीत, म्हणजे कुणाला इजा होणार नाही, असे पैगंबरांनी (स.) बजावले. शस्त्र बाळगूच नका, असे त्यात म्हटलेले नाही. मात्र गर्दीत शिरताना इतरांच्या सुरक्षिततेची जबाबदारी शस्त्रधारकावर टाकली आहे.

आपल्या देशात हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. 1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी जनतेला निःशस्त्र करायला सुरुवात केली. 1878 मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या काळात शस्त्र कायदा झाला. परवान्याशिवाय शस्त्र घेऊन फिरणे गुन्हा ठरले, पण युरोपियनांना सूट मिळाली. म्हणजे बंदूक किती धोकादायक आहे हे पाहिले जात नव्हते, ती कोणाच्या हातात आहे हे पाहिले जात होते.

1887 मध्ये मद्रासला काँग्रेसचे तिसरे अधिवेशन भरले. अध्यक्ष होते मुंबईचे बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी, काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष. या कायद्याने लोकांना त्रास होतो आणि त्यांच्यावर अविश्वासाचा कलंक लागतो, म्हणून तो बदला, असा ठराव तिथे झाला. दहा वर्षांनी हेच तय्यबजी मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती असताना त्यांनी राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना जामीन दिला. सरकारच्या संशयापेक्षा कायदा मोठा, ही त्यांची धारणा दोन्हीकडे दिसते.

स्वातंत्र्यानंतर 1959 चा शस्त्र कायदा आला. परवाना आजही सहज मिळत नाही. पोलिसांचा अहवाल लागतो. परंतु अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. नकार दिला तर अधिकाऱ्याने कारण लेखी नोंदवायचे असते आणि त्याविरुद्ध अपील करता येते. 1878 मध्ये हिंदी माणसाला जे हवे होते, त्यातले बरेच या कलमांत आहे.

परवाना हाती आला की दुसरी बाजू सुरू होते. 2016 च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात असावे लागते. 2019 च्या दुरुस्तीनंतर लग्नाच्या वरातीत हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कमरेचे पिस्तूल दाखवत फिरणारा किंवा त्याचे फोटो टाकणारा शूर ठरत नाही. बाणाची टोके धरायला तो विसरला आहे, इतकेच.

दंगलीची बातमी आली की आपल्यातलाही एखादा तरुण म्हणतो, "घरात काहीतरी असायला हवं." त्याची भीती खोटी नसते. पण चोरून आणलेला कट्टा घराचे रक्षण करत नाही. तो सापडला की मुलगा तुरुंगात जातो आणि सगळ्या मोहल्ल्याकडे संशयाने पाहिले जाते. खरा धोका असेल तर रीतसर अर्ज करावा, नकार आला तर कारण मागावे, अपील करावे. तय्यबजींनी हक्क उघडपणे मागितला होता. आणि परवाना मिळालाच, तर ती अमानत आहे हे विसरू नये. शेजाऱ्याला तिची भीती वाटता कामा नये.