रपेट : गाडी चालवण्यातला आनंद कसा हरवला, कसा सापडला

(मांडवी, रत्नागिरी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय जाहीर झाल्यावर काहींनी आम्हाला विचारलं, "गाडी चालवण्याला कसला आलाय इतिहास?" किल्ल्याला इतिहास असतो, बंदराला असतो, टिळकांच्या जन्मघराला असतो. पण बाजारात जाऊन येणं, मुलाला क्लासला सोडणं, संध्याकाळी मांडवीवर चक्कर मारणं, याला इतिहास कुठून येणार? आमचं म्हणणं असं, की जी गोष्ट हजारो माणसं रोज करतात तिलाही इतिहास असतो. तो कुणी लिहून ठेवत नाही एवढंच. आणि या इतिहासात एक कोडं आहे. तोच माणूस, तीच गाडी, तोच रस्ता. एके दिवशी चालवताना मजा येते आणि दुसऱ्या दिवशी तेच चालवणं शिक्षा वाटते. असं का होतं, ते आज पाहू.

सुरुवात शब्दांपासून करू. मराठीत 'रपेट' असा एक छान शब्द आहे. घोड्यावर बसून मोकळ्या रानात दौडत जाऊन यायचं, ती रपेट. पुढे ती सायकलची झाली, मोटारीची झाली. रपेटीला कुठे पोचायचं नसतं. घरून निघायचं आणि घरीच परतायचं. दुसरा शब्द 'हाकणे'. बैलगाडी हाकतात. मोटार नवी होती तेव्हा लोक 'मोटार हाकणे' असंही म्हणत. हाकणाऱ्याच्या पुढे जिवंत जनावर असतं. त्याचा स्वभाव ओळखायचा, चढावर त्याला दम घेऊ द्यायचा, उतारावर आवरायचं. आज आपण नुसतं 'चालवतो'. रपेट आणि हाकणं, म्हणजे हौस आणि लक्ष. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता मांडवीकडे येऊ. मांडवी म्हणजे जकात घेण्याची जागा. मुंबईत मांडवी आहे, कच्छमध्येही आहे. आपली मांडवी अशी, की एका अंगाला रत्नदुर्ग, दुसऱ्या अंगाला काजळी नदीची भाट्याची खाडी आणि मध्ये काळ्या वाळूचा किनारा. रत्नागिरीचा जगाशी संबंध यायचा तो या बाजूने. जमिनीवरून जायचं म्हटलं तर वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, थोड्या थोड्या अंतरावर नदी आडवी. खाडी तरीने ओलांडायची, पुढे सड्यावरचा जांभा तुडवायचा, गावात शिरलं की पाखाड्या चढायच्या. पूर्वेला सह्याद्री उभाच. म्हणून मुंबईला जायचं ते बोटीने. आगबोट खोल पाण्यात उभी राहायची, किनाऱ्यावरून पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं. पावसाळ्यात बोटी बंद.

या सगळ्या प्रवासात प्रवासी स्वतः काहीही चालवत नव्हता. चालवणारे वेगळे होते: तांडेल, खलाशी, गाडीवान, डोलीचे भोई. चालवणं हा पेशा होता, पिढीजात शिकलेली विद्या होती. बाकीच्यांनी बसून राहायचं, उलटी झाली तर सोसायची आणि पोचल्यावर देवाला नमस्कार करायचा.

मोटार आली तरी सुरुवातीला चित्र फारसं बदललं नाही. आधी खाजगी मोटारी होत्या. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा कोळशाच्या गॅसवरही गाड्या चालल्या. मग १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली आणि पुढच्या काही दशकांत ती कोकणातल्या वाडीवस्तीपर्यंत पोचली. वस्तीची गाडी हा तर कोकणातला एक सोहळाच होता. संध्याकाळी यायची, रात्री गावात मुक्काम, पहाटे परत निघायची. तिचा ड्रायव्हर म्हणजे गावाला पाहुणा. आंबा घाटात धुकं उतरलंय, समोरचं दहा हातांवरचं दिसत नाही, आणि हा माणूस गिअरच्या आवाजावरून चढ ओळखतोय. पोरं त्याच्या मागच्या सीटसाठी भांडायची ती काही उगाच नाही. गाडी हाकणं काय असतं हे त्या पोरांनी तिथे बसून पाहिलं.

पु. ल. देशपांड्यांची 'म्हैस' तुम्हाला ठाऊक आहे. एस.टी.खाली म्हैस येते आणि अख्खी गाडी रस्त्यात अडकते. आज ती गोष्ट ऐकताना आपण हसतो, पण त्यातली एक जुनी गोष्ट निसटू देऊ नका. रस्ता तेव्हा वेळापत्रकापेक्षा मोठा होता. गाडी उशिरा पोचणार हे सगळ्यांनी धरलेलंच असायचं. उशीर झाला म्हणून कुणाची नोकरी जात नव्हती असं नाही, पण उशिराचा राग ड्रायव्हरच्या मानेवर बसलेला नसायचा.

पेशा असलेलं हे चालवणं सामान्य माणसाच्या हातात आलं ते साधारण १९७० नंतर. १९७२ साली आकुर्डीहून बजाजची चेतक आली, त्याच सुमारास पुण्याहून कायनेटिकची लुना आली. चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. मुंबईत, कुर्ल्याला, प्रीमियरच्या कारखान्यात फियाट बनत होती. तिला १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणू लागले. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच. चेतक सकाळी चालू होत नसेल तर आधी चांगली वाकडी करायची, मग किक मारायची. आता हसताय, म्हणजे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी केलंय हे. या गाड्या जनावरासारख्याच होत्या. त्यांचा स्वभाव ओळखावा लागे. हाकणं सामान्य माणसाच्या वाट्याला आलं ते इथे.

आणि रपेटही आली. ऑफिस सुटल्यावर घरी जाऊन चहा प्यायचा, मग स्कूटर काढायची आणि मांडवीवर यायचं. कशाला? कशालाच नाही. हवा खायला. बंदरावर उभं राहायचं, होड्या बघायच्या, अंधार पडला की परत. पेट्रोल मोजून टाकलेलं असायचं, म्हणून ती फेरी आणखी गोड लागायची.

या काळाचं गोडवं गाणं सोपं आहे, पण इतिहास सांगायचा तर पूर्ण सांगावा. ही रपेट फार थोड्यांच्या नशिबी होती. स्कूटर पुरुष चालवायचा. बायको मागे एका बाजूला पाय सोडून बसायची, मधे एक मूल, पुढे उभं एक मूल. कोळीवाड्यातली बाई मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चालतच होती. बिनगिअरच्या गाड्यांनी हे चित्र हलवलं. लुना आधी होतीच, १९८४ साली कायनेटिक होंडा आली, बटण दाबून चालू होणारी. शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या कर्मचारी स्वतःची गाडी घेऊन रस्त्यावर आल्या. गिअर नसलेल्या गाडीत हाकण्याची गंमत नाही, असं पुरुष मंडळी म्हणत. पण "मला सोडशील का?" असं कुणाला विचारावं न लागणं, हा आनंद किती मोठा असतो ते ज्याला कधी विचारावंच लागलं नाही त्याला कसं कळणार?

मग हरवलं कुठे? १९८३ साली मारुती ८०० आली, १९९१ नंतर कर्ज सोपं झालं, गाड्या वाढल्या. वाढल्या हे चांगलंच झालं. पण शहरं लांबली, नोकरी घरापासून दूर गेली. जी गाडी हौसेने घेतली होती तिच्याशिवाय दूधही आणता येईना. दुसरीकडे मुंबई-गोवा महामार्ग. आधी राष्ट्रीय महामार्ग १७, आता ६६. ट्रक वाढले, रस्ता तोच. २०११ साली पनवेल-इंदापूर टप्प्यापासून चौपदरीकरण सुरू झालं आणि एका तपाहून अधिक काळ चाकरमान्यांनी गणपतीला येताना खड्डे, वळसे आणि रांगा भोगल्या. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. त्यात दोन एस.टी. गाड्या गेल्या, एक जयगडहून निघालेली, एक राजापूरहून. आपल्याच जिल्ह्यातली माणसं होती ती. त्यानंतर कित्येक महिने पावसात पूल आला की गाडीतली बोलणी थांबायची. रस्त्यावरचा विश्वास उडाला की चालवण्यात आनंद राहील कसा?

आता जरा बाहेर नजर टाकू. डॅनियल कानेमान आणि सहकाऱ्यांनी २००४ साली टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाचा हिशेब मांडायला सांगितला: कोणत्या कामात किती बरं वाटलं? सकाळचा कामावर जाण्याचा प्रवास यादीत अगदी तळाला निघाला. उलट मिहाय चिकसेंटमिहाय हे मानसशास्त्रज्ञ माणूस कशात तल्लीन होतो याचा वर्षानुवर्षं अभ्यास करत होते, आणि गाडी चालवताना अनेकांना ही तल्लीनता लाभते असं त्यांना दिसलं. दोघेही अमेरिकेबद्दलच बोलतायत. मग खरं कोण?

दोघेही. तल्लीनता येते ती काम आपल्या कौशल्याला पुरतं आव्हान देतं तेव्हा, आणि सूत्रं आपल्या हातात असतात तेव्हा. सकाळच्या प्रवासात सूत्रं घड्याळाच्या हातात असतात. आनंद यंत्राबरोबर आला नव्हता, म्हणून नवीन यंत्र घेऊन तो परतही येत नाही. सक्ती आली तेव्हा तो गेला. गाडी काढण्यावाचून दुसरा उपायच नाही अशी वेळ आली, की रपेट संपते आणि वेठ सुरू होते.

हे आम्ही नुसतं तर्काने म्हणत नाही, आपल्या जिल्ह्याने त्याचा पडताळा दिला आहे. २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग खुला झाला. मुंबईला जायचंच आहे ना, रात्री गाडीत बसा, सकाळी उतरा. ज्यांना तिकीट मिळालं त्यांची सक्ती सुटली. त्यानंतर जो माणूस मोटार घेऊन निघाला तो पुष्कळदा आपल्या मर्जीने निघाला. मर्जीने निघालेला माणूस महामार्ग सोडून आडवाटेला वळतो. आरे-वारेवरून गणपतीपुळ्याला जाणारा रस्ता बघा. डावीकडे समुद्र, उजवीकडे डोंगर, वळणामागे वळण. जेमतेम २५ किलोमीटर. या रस्त्यावर जाणारे कितीतरी लोक पुळ्याला पोचण्यासाठी निघालेलेच नसतात. रपेट परत आली ती अशी.

दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ पासून चालू आहे, जयगड-तवसाळ आहे, वेश्वी-बागमांडले आहे. आपल्याकडे तिला जंगलजेटीही म्हणतात. गाडी बोटीवर चढवायची, इंजिन बंद करायचं, खाली उतरून कठड्याशी उभं राहायचं. चालकाला दहा-पंधरा मिनिटं सक्तीची विश्रांती. पलीकडे उतरलेला चालक वेगळाच असतो, शांत असतो. आणि २०२५च्या गणपतीसाठी कोकण रेल्वेने खाजगी मोटारी मालगाडीवर चढवून नेण्याची सेवा जाहीर केली. म्हणजे गाडी घेऊन जायचं, पण चालवायचं नाही! त्या महामार्गाने चालकांना कुठवर आणून ठेवलं होतं, ते एवढ्यावरून कळावं.

याची उलट बाजूही आपण पाहिली आहे. २०२१च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एस.टी.चा संप चालला. कर्मचाऱ्यांची गाऱ्हाणी खरी होती, तो वेगळा विषय. पण त्या महिन्यांत वस्तीची गाडी बंद झाली आणि जिला कधी दुचाकी नको होती तीही घ्यावी लागली. कॉलेजच्या मुली, दवाखान्यात जाणारे म्हातारे, सगळे कुणाच्या तरी मागे बसले. हे रपेटीला निघालेले लोक नव्हते. अशी थकलेली, घाईतली, नाइलाजाने आलेली माणसं रस्त्यावर वाढली की काय होतं ते वेगळं सांगायला नको. २०२२ साली देशात १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं रस्त्यावर मेली. थरार आणि आनंद यांत गल्लत करणारी तरुण मुलंही त्यात आहेत. हाकणाऱ्याला बैलाच्या अंगातलं बळ कळतं, म्हणूनच तो कासरा सैल सोडत नाही.

म्हणून आमचं सांगणं थोडं उलटं वाटेल. ज्याला गाडी चालवायला मनापासून आवडतं त्याने चांगल्या एस.टी.साठी भांडावं. त्याने रेल्वेचे डबे वाढवायची मागणी करावी. ज्यांना चालवायचं नाही त्यांना चालवावं लागू नये, म्हणजे ज्यांना चालवायचंय त्यांना रस्ता मोकळा मिळेल.

रस्त्यांचंही तसंच. रेवस-रेडी सागरी महामार्गावर खाड्यांवरचे मोठे पूल हाती घेतले आहेत. ते व्हायला हवेत. अडलेल्या बाळंतिणीला जंगलजेटीची वाट बघायला लावणारा आनंद आम्हाला नको. पण पूल झाला म्हणून जुनी वाट मोडायची गरज नाही. कशेडीचा बोगदा २०२३च्या गणपतीत एका बाजूने खुला झाला. वरचा घाटरस्ता अजून आहे. घाई असेल त्याने बोगद्यातून जावं, हौस असेल त्याने घाटातून. आरे-वारेचा रस्ता असाच अरुंद, वळणांचा राहू द्यावा, त्याला सरळ करायच्या फंदात पडू नये. जुन्या वाटांची डागडुजी करायला फार पैसा लागत नाही. त्या कुणाच्या तरी यादीत असाव्या लागतात. ती यादी करण्याचं काम आपण रत्नागिरीकरांनी हाती घ्यावं, ही विनंती.

बोटी गेल्या तेव्हा कुणी मांडवीवर येऊन सांगितलं नव्हतं की ही शेवटची बोट. वस्तीची गाडी ज्या ज्या गावाची बंद होते तिथेही कुणी सांगत नाही. एक दिवस ती येत नाही, एवढंच. ज्यांच्या गावाला ती अजून येते त्यांनी अधूनमधून आपली गाडी घरी ठेवून तिच्यात बसावं. जमलं तर ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर.

 आता प्रश्न असतील तर विचारा.